खंडेनवमीचा कोहळा

पिंपळकोंडच्या उतेकरांना कुणी कुणबी म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. खरं सांगायचं तर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतली ती पंचवीस-तीस घरं भात लावायची, नाचणी करायची, गुरं राखायची. कुणबी याहून वेगळं काय करतो ते देवालाच ठाऊक. पण सोयरिकीच्या बैठकीत पाहुणा मिशीवरून हात फिरवत "तुम्ही नक्की मराठेच ना?" असं विचारू लागला, की ज्याच्या घरात चहाला साखर नसे तो उतेकरही छाती काढून सांगे, "आमच्या भावकीत धोप हाय. येऊन बघा." मग पाहुणा निमूट चहा प्यायचा आणि पुढचं बोलणं सुरू व्हायचं.

धोप म्हणजे सरळ, लांब पात्याची जुनी मराठी तलवार. पूर्वजानं ती कुठल्या लढाईत चालवली याच्या भावकीत तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींचं आपसात पटत नव्हतं. त्यावाचून कुणाचं अडलं नाही. दसऱ्याला धोप पुढे आणि गाव मागे अशी मिरवणूक शिवेपर्यंत जायची. शिवेवरच्या आपट्याची पहिली फांदी धोपेनं उतरवली की मग बाकीच्यांनी सोनं लुटायचं. ज्या घरची धोप, त्या घराला पुढचा मान. ते घर उतेकरांच्या थोरल्या पातीचं, म्हणजे थोरल्या शाखेचं, आणि त्या घरात आता दोनच बायका उरल्या होत्या: जानकीबाई आणि तिची लेक अंबिका.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, धोप म्यानातून निघायची. एकदा निघाली की उपाशी परत जायची नाही, हा तिचा कायदा. जुन्या काळी बकरं द्यायचे, पुढे बकऱ्याच्या जागी कोहळा आला. कोहळ्याला कुंकू लावायचं, देवघराचं दार लावून घ्यायचं, एका घावात त्याचे दोन भाग करायचे आणि ती शकलं उंबऱ्याच्या दोन अंगांना मांडायची. बाकीच्या घरांत धोप नव्हती, तिथे कोयत्याची पूजा आणि कोयत्यानं कोहळा. पण कापायचा तो पुरुषानं. आपल्याकडे भाजीसाठी अख्खा भोपळा चिरायचा झाला तरी बाई नवऱ्याला हाक मारते. तो पहिली चीर देतो आणि मोठा गड जिंकल्यासारखा ओटीवर जाऊन बसतो. पुढचं चिरणं, फोडणी, वाढणं आणि भांडी तिची. तिथे नवमीचा कोहळा बाईनं कापणं म्हणजे वंशावरच घाव, असं म्हातारी माणसं सांगत.

आता गंमत बघा. पिंपळकोंडचे पुरुष झाडून सगळे मुंबईला. बहुतेक गिरणीत, उरलेले गोदीत. गिरणीतही नवमीला यंत्रांची पूजा असते, साच्यांना झेंडूच्या माळा घालतात, आणि त्या दिवशी कुणी दांडी मारली तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ते वर्षभर लक्षात ठेवायचा. म्हणून हे लोक नवमीला तिकडे साच्यांपुढे नारळ फोडत, मग एसटीत बसत आणि दसऱ्याच्या सकाळी पोलादपूरला डोळे चोळत उतरत. घरी येऊन बघावं तर उंबऱ्याशी कोहळ्याची दोन शकलं मांडलेली. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. कोहळा कापला कुणी, हे एकाही मर्द मराठ्यानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

थोरल्या घरात तो जानकीबाई कापायची.

पहिल्या वेळी ती नवी सून होती. नवरा महिपती मुंबईला, सासरा अर्धांगानं बाजेला खिळलेला. नवमीच्या दुपारी सासऱ्यानं तिला जवळ बोलावलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाला, "धोप उपाशी नको. तूच काप."

"मी? मामा, मी बायकोमानूस."

"धोपेला डोळं नसत्यात गो," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तिनं दार लावलं. पहिला घाव निसटला आणि कोहळा गडगडत देव्हाऱ्याखाली गेला. तिला भीतीनं हसू फुटलं. ओणवी होऊन तिनं तो बाहेर ओढला आणि दुसऱ्या घावाला फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती आला, त्यानं शकलं बघितली, मग बायकोकडे बघितलं. "धार बरी लागलीय," एवढंच म्हणाला आणि आंघोळीला गेला. त्या तीन शब्दांवर जानकीबाईनं पुढचा सगळा संसार केला म्हणा ना. धोपेला तेल तिनं लावायचं, म्यान तिनं उन्हात टाकायचं, कोहळा तिनं कापायचा, आणि दसऱ्याला फेटा बांधून ती मिरवायची महिपतीनं. पुढेपुढे तिचा हात असा बसला की कोहळा एका घावात सुटायचा. नवराबायको त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या श्रावणात महिपती गेला. छातीत गिरणीचा कापूस बसला होता, तो निघाला नाही. त्या वर्षी घराला सण नव्हता म्हणून धोप देवघरात खुंटीवरच राहिली आणि पिंपळकोंडनं कोयता पुढे घालून दसरा केला. वरच्या गावचे लोक शिवेपलीकडून फिदीफिदी हसले. त्या हसण्यानं सगळी भावकी वर्षभर धुमसत होती.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप झाला. आधी वाटलं महिनाभराचा. मग ट्रंका आणि वळकट्या घेऊन एकेक जण घरी येऊ लागला. पावसाळ्यात त्यांनी लावणी केली, कंबरा धरून बसले, आणि भादव्यापर्यंत घरोघरच्या ओटीवर एकेक रिकामा पुरुष बसून हुकूम सोडताना दिसू लागला. बायकांना ही सवय नव्हती. चुलीत लाकूड किती घालायचं हेसुद्धा आता ओटीवरून ठरायचं.

त्यांतला सगळ्यांत मोठा आवाज भागोजीचा. हा महिपतीचा चुलत भाऊ, जानकीबाईचा धाकटा दीर. मुंबईत साचेवाला होता आणि चांगला होता, उगाच नाव कशाला ठेवा. चाळीच्या खोलीत बाकीच्यांना तो सांगायचा, "आमच्या घरात धोप हाय," आणि लोक त्याला मानायचे. आता साचा बंद, खोली सुटलेली, घरात आई आणि बायको त्याला न विचारता सगळं करतात. माणसाच्या हातातलं काम गेलं की त्याला मान आठवतो. भागोजी महाडच्या बाजारात जाऊन भगवा फेटा घेऊन आला, आणि नवमीच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढच्या चौथऱ्यावर गावकी बसली तेव्हा तोच उभा राहिला.

"थोरल्या घरात आता पुरुष नाय," तो म्हणाला. "उद्याचा कोहळा कापनार कोन? का धोप उपाशी ठेवायची? गेल्या साली गेली तेवढी इज्जत बस झाली. धोप माझ्या घरी द्या. सिस्टीम म्हंजे सिस्टीम."

पुरुषांच्या माना हलल्या. गावकीचा म्हातारा गोमाजी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "जानकीला तरी इचारा."

"तिला काय इचारायचं? मी देवीआईसमोर बोलतो." भागोजीनं देवीपुढचा भंडारा उचलून कपाळाला लावला. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली, दुसरं काय! "ज्या घरात नवमीचा कोहळा बाईच्या हातानं कापला जाईल, त्या घराचा मान संपला. मंग ते घर कुनाचंबी असू दे. माझं असलं तरी!"

मागे बायका उभ्या होत्या. भागोजीची बायको चंपाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि त्याची आई गीताबाई जमिनीकडे बघत राहिली. जानकीबाईनं त्या सगळ्यांवरून नजर फिरवली. आपण या गावात एकट्या आहोत, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"उद्या सकाळी या," ती एवढंच म्हणाली. "माझ्या दारात बोलू."

घरी आल्या आल्या अंबिकेनं चपला भिरकावल्या. ती पोलादपूरच्या बालवाडीत शिकवायची, बोलणं तिचं शाळेतलं आणि राग मात्र बापाचा. आईचं गुपित तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बंद दाराआडचा घाव तिनं दरवर्षी ऐकला होता.

"सांगून का नाही टाकलंस? कापणारी ही बघा उभी आहे म्हणून!"

"आनि तुझ्या बाचं काय गो?" जानकीबाई म्हणाली. "इतकी वर्सं तो पुढं चालला. आता म्हनतील, बाईनं जेवू घातलेली तलवार मिरवत व्हता. मेलेल्या मानसाची मिशी मी उतरवू?"

"मग गप्प बस. उद्या धोप जाईल. परवा भागोजीकाका म्हणतील, थोरली पाती आता माझीच."

लेकीचं म्हणणं खरं होतं. बोललं तर नवऱ्याचं नाव जात होतं आणि गप्प बसलं तर घर. ती मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली. गोठ्यावर चढलेल्या वेलीला या साली मोजून एकच कोहळा धरला होता, चांगला मांडीएवढा.

तिथे उभी असताना तिला बौद्धवाडीतला धोंडू आठवला. ती लग्न होऊन आली त्याच सुमाराला त्याच्या वाडीनं दसऱ्याचा ढोल वाजवायचं सोडलं, मेलेली गुरं ओढायचं सोडलं. गावकीनं त्यांची वाट अडवली, दुकान बंद केलं, देवी कोपेल म्हणून घसा सुकेपर्यंत ओरडा केला. धोंडू देवळापुढच्या त्याच चौथऱ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "आमचे हात आता आमचे." ती तेव्हा दाराआडून बघत होती, उद्या आभाळ पडणार अशी तिची खात्री होती. त्या साली ढोलावाचून दसरा झाला. आपट्याची फांदी खाली पडायची तशीच पडली आणि पुढच्या साली भातही पिकलं. देवीच्या नावानं कोपतात ती माणसंच, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं होतं. पण ध्यानात येणं वेगळं आणि अंगात येणं वेगळं.

ती वेलीखाली गेली आणि कोहळ्याचा देठ तोडला.

सकाळी भागोजी आला तो नवा फेटा बांधून, मागे सगळी भावकी घेऊन. अंगणात पाऊल टाकलं आणि तो थबकला. धोप देवघरात नव्हती. ओटीवर पाट मांडून, म्यानातून काढून, हळदकुंकू वाहून ती उघड्यावर ठेवलेली होती. शेजारी कोहळा. पाटापाशी पांढऱ्या कपाळाची जानकीबाई उभी, पदर कमरेला खोचलेला, आणि तिच्या मागे अंबिका.

"ही काय पद्धत झाली, वयनी?" भागोजी म्हणाला. "उघडी धोप चारचौघांत?"

"झाकून ठेवायचं काय उरलं नाय, भावजी." जानकीबाई भावकीकडे वळली. "ऐका सगळ्यांनी. ह्या घरचा कोहळा लगीन होऊन आले तवापास्नं मी कापते. मामांनी सांगितलं म्हनून कापला. माझ्या नवऱ्याला ठावं व्हतं. त्यानं ती धोप ताठ मानेनं मिरवली, आनि त्यात त्यानं काय बी चूक केलं नाय."

मग भागोजीचा चेहरा उजळला. भूक लागलेल्या माणसापुढे पान वाढावं तसं झालं त्याला.

"ऐकलंत? सोताच्या तोंडानं बोलली! इतकी वर्सं आमी उपाशी धोपेमागं चाललो! मान संपला, वयनी. कालच आईसमोर बोललोय मी." आणि तो पाटाकडे वाकला.

जानकीबाईनं धोपेच्या मुठीवर तळवा ठेवला. "हात मागं घ्या, भावजी. धोप उपाशी नव्हती. जेवलेली व्हती. आनि मला एक सांगा. तुमी तर दर नवमीला मुंबईत साच्याला हार घालत व्हता. तुमच्या घरचा कोहळा कोन कापत व्हतं?"

भागोजी हसला. मग त्याचं हसू जरा मंदावलं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. कोहळा कापलेला असायचा, जसा भात शिजलेला असायचा.

"कापत असतील... गोमाजीकाका कापत असतील."

"मी?" गोमाजी दचकला. "मी तर गोदीत व्हतो रे पेन्शनीपर्यंत. आता तर मला कोहळा आनि पाटा एकच दिसतो."

भागोजी बायकोकडे वळला. "चंपा, कोन कापायचं?"

चंपाबाईनं खाली मान घातली. तेव्हा तिच्या मागून त्याची आई पुढे झाली. गीताबाई वाकलेली होती, अंगणाच्या मधोमध यायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"तिला काय दरडावतोस? मी कापला," म्हातारी म्हणाली. "तुझा बाप मुंबईला जायला लागला तवापास्नं. माझा हात चालंना झाला तवा हिला शिकवलं. तू दसऱ्याला जो कोयता बाहेर आनून ओवाळून घेत व्हतास ना, त्याला आमचाच हात लागलेला हाय."

"आये!"

"काय आये? काल तू बोललास तवा मी गप ऱ्हायले, मला वाटलं मी एकलीच पापीन."

मग जे झालं त्याला बांध घालणं कुणाच्या हातात नव्हतं. एक म्हणाली, आमच्यातबी मीच. दुसरी म्हणाली, माझ्या सासूनं शपथ घातली व्हती. एकजण तर त्या पापापायी कितीतरी वर्षं दर सोमवारी उपास करत होती; ती कपाळावर हात मारून घेऊन म्हणाली, "अगो बायांनो, आधी नाय सांगायचं!" घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येकीला वाटत होतं की धूर आपल्याच घरात. बायकांत हशा पिकला. पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले.

गोमाजीनं काठी आपटली. "भागोजी, शब्द आईसमोरचा हाय. आता कुनाच्याच घरात मान उरला नाय बघ. पयला तुझा गेला."

भागोजी ओटीच्या पायरीवर मटकन बसला. फेट्याचा शेमला त्याच्या तोंडावर आला होता आणि तो बाजूला करायचंही त्याला सुधरलं नाही. जानकीबाईला त्याची दया आली. संपानं त्याचं सगळं नेलं होतं, आता एवढंही गेलं. पण दया आली म्हणून तिनं मुठीवरचा हात काढला नाही.

"मान जातो कुठं?" गीताबाईनं गोमाजीला झापलं. "देवीआईनं इतकी वर्सं आमच्या हातचं खाल्लं. तिला चाललं, आनि ह्याला चालंना व्हय?"

कुणीतरी मागून पुटपुटलं, "पन विधवा बाई..." अंबिका सर्रकन त्या दिशेला वळली, पण जानकीबाईनं तिला खुणेनं थांबवलं आणि धोप उचलली. तिचं वजन तिच्या मनगटाला ठाऊक होतं. आजवर हा घाव तिनं बंद दाराआड, श्वास रोखून घातला होता. आज उजेड होता, मोकळी हवा होती, आणि अख्खी भावकी डोळे फाडून बघत होती. तिनं घाव घातला. कोहळ्याचे दोन भाग झाले आणि पांढरा गर उन्हात चमकला.

तिनं स्वतः ती शकलं उंबऱ्याशी मांडली, पातं पुसलं आणि म्हणाली, "उद्या धोप ह्याच घरातनं निघंल. माझ्या हातात. यायचं त्यानं मागनं या. नाय यायचं त्यानं ओटीवर बसा, तशी सवय झालीच हाय."

दसऱ्याला ती निघाली तेव्हा आधी मागे फक्त बायका होत्या. गीताबाई काठी टेकत, चंपाबाई तिला धरून, बाकीच्या नव्या लुगड्यांत. पुरुष दारांत उभे राहून बघत होते. पण दसऱ्याच्या दिवशी धोप निघालेली असताना घरी बसायचं म्हणजे मराठेपणाच सोडायचा, आणि तेवढी छाती त्यांच्यात नव्हती. घसे खाकरत, टोप्या सारख्या करत, एकेक जण मागे येऊन मिळाला. सुंभ जळला होता, पीळ तेवढा चालत होता.

शीव म्हणजे ओढा. अलीकडे आपट्याचं झाड आणि पलीकडे वरच्या गावचे लोक, गेल्या साली हसले होते तेच, आज काय दिसतं ते बघायला आणखी चार जण घेऊन उभे. ते दिसताच भागोजी गर्दीतून धावत पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"वयनी, मानलं तुमाला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "इथवर आनलीत, आनलीत. गावात पुढबी तुमीच धरा, मी शब्द काढनार नाय. पन आता पलीकडची मानसं बघतायत. फांदी तोडन्यापुरती तरी माझ्या हातात द्या. काय म्हनतील ते? पिंपळकोंडच्या मराठ्यांची तलवार बाईच्या हातात हाय म्हनतील."

जानकीबाई चालायची थांबली नाही. आपट्याखाली पोचली, पाय रोवले आणि धोप वर उचलली.

"म्हनू दे, भावजी," ती ओढ्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "हातात हाय म्हनतील. खुंटीवर हाय असं तर नाय म्हननार!"

आणि तिनं फांदी उतरवली.